मायनस नऊ पॉइंट चारची जडी

बिसरामकाका मेंढे यांना कोणी वैदू म्हटलं की राग यायचा, आणि कोणी नाही म्हटलं तर त्याहून जास्त यायचा. "मी धानवाला माणूस जी, मले का समजते दवादारूतलं," असं ते भलत्या नम्रपणाने सांगत. समोरच्याने ते खरं मानलं की दिवसभर घुश्शात असत.

देवरीपासून आठेक किलोमीटरवर, जिथे धानाच्या बांध्या संपतात आणि जंगल सुरू होतं, तिथे त्यांची तीन एकर जमीन होती. तिला लागून आमची दोन. त्यामुळे माझं अर्धं बालपण त्यांच्या बांधावर गेलं आणि उरलेलं त्यांच्या पाठोपाठ जंगलात. टेंभरं पिकली की आम्ही पोरं त्यांच्यामागे निघायचो. काका पुढे, डोक्याला पंचा, हातात काठी आणि तोंड अखंड चालू. पण बोलणं आमच्याशी नसायचं, झाडांशी असायचं. एखाद्या बेहड्यापुढे थांबून विचारायचे, "काऊन गा, औंदा सुस्त दिसून राहिला?" आणि उत्तर मिळाल्यासारखी मान हलवून पुढे जायचे. एकदा मी चालता चालता उगाच एक पान ओरबाडलं, तर पाठीत असा धपाटा बसला की पान हातातून गळून पडलं. "तुह्या घरी येऊन कोणी न विचारता तुहा कान उपटला, तं चालंल का तुले?" तेव्हापासून मी कुठल्याही बागेत शिरलो की हात खिशात घालतो. बायकोला वाटतं, मला थंडी वाजते.

काकांची ख्याती होती गाठीवरच्या जडीची. गळ्याला, काखेत, कुठेही गाठ दिसली की लोक चिचगडपासून चालत यायचे. जडीचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर उद्या सकाळी वाचक कुदळ घेऊन निघतील, हे एक कारण. आणि काकांनी ते मला जन्मात सांगितलं नाही, हे दुसरं. झाड मी पाहिलेलं आहे. पण माझ्या डोळ्यांना ते आणि त्याच्या शेजारचं झुडूप सख्खे भाऊ वाटतात.

जडी काढायची रीत मात्र मला पाठ आहे. आमच्याकडची जुनी माणसं औषधाची मुळी तशीच उपटत नाहीत. आदल्या संध्याकाळी जाऊन झाडाला नेवता देतात. म्हणजे लग्नाला सोयऱ्यांना बोलावतात तसं आमंत्रण. हळदीने पिवळे केलेले तांदूळ बुंध्याशी ठेवायचे, ज्याच्यासाठी जडी हवी त्याचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, "उद्या येजो बाई, काम आहे." सकाळी आंघोळ करून पुन्हा जायचं. तांदूळ ठेवले तसेच असले तर झाड आलं. विस्कटले असले तर झाड नाही म्हणालं. मग मुळीला हात लावायचा नाही. चाळीस वर्षांत काकांनी झाडाचा शब्द कधी मोडला नाही. एकदा खुद्द पोलीस पाटलांना "नाही म्हणते" असं सांगून त्यांनी परत पाठवलं होतं. पोलीस पाटील पुढे दोन वर्षं त्या झाडावर रागावून होते.

काकांच्या थोरल्या मुलाची मुलगी नीतू नागपूरला एम.एस्सी.ला गेली. चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत ती लॅपटॉप घेऊन आली आणि ओसरीवर बसून म्हणाली, "आबाजी, तुमच्या जडीवर प्रोजेक्ट करून राहिली मी."

काकांची छाती दोन इंच फुगली. "नेवता कधी दिला?"

"कायचा नेवता? मी झाडापाशी गेलीच नाही."

"मंग मुळी?"

"मुळी लागतच नाही. या झाडात कोणकोणती रसायनं आहेत ते लोकांनी आधीच शोधून ठेवलं आहे. बासष्ट आहेत. ती सगळी मी कंप्युटरात टाकली."

काकांनी लॅपटॉपकडे पाहिलं ते त्यांचं झाड कोणीतरी आत कोंडून ठेवल्यासारखं.

मी तिथेच चहा पीत होतो. पडद्यावर एक रंगीत गुंता गरगर फिरत होता, सोऱ्यातून चकली बिघडून पडावी तसा. कॅन्सरची पेशी ज्याच्या जोरावर वाढत सुटते ते एक प्रथिन, असं नीतूने सांगितलं. त्या गुंत्यात एक खाच होती. झाडातलं एकेक रसायन त्या खाचेत बसवून पाहायचं, आणि ते किती घट्ट बसतं त्याचे कंप्युटर गुण देणार.

"मंग आपल्या जडीले किती भेटले?" काकांनी विचारलं.

"सगळ्यात चांगलं जे बसलं त्याला मायनस नऊ पॉइंट चार."

काका उठून उभेच राहिले. "मायनस? मंजे भोपळ्याच्याही खाली?"

"आबाजी, यात जितकं मायनस तितकं चांगलं."

"अस्सं होय!" काका पुन्हा बसले. "माह्या टाइमले असे मार्क देत असते तं मी मॅट्रिक झालो असतो."

नीतू हसली, पण लगेच गंभीर झाली. हा फक्त अंदाज आहे, ती म्हणाली. अजून खऱ्या पेशींवर पाहायचं आहे, मग उंदरांवर, मग माणसांवर. त्याला दहा-पंधरा वर्षं लागतात आणि बहुतेक रसायनं मधल्या मधेच नापास होतात.

काकांनी थोडा वेळ विचार केला. "मंजे गुण जुळले, लग्न नाही झालं."

"बरोब्बर, आबाजी!"

"गुण जुळल्यानं का होते व? माह्ये अन तुह्या आजीचे छत्तीसपैकी तेहतीस जुळले होते."

आत स्वयंपाकघरात एक भांडं जरा जोरात आपटलं गेलं.

त्या संशोधनाचा इतका नेमका सारांश मी पुढे कोणाकडूनही ऐकला नाही. घोटाळा असा झाला की त्या दिवशी चुन्नीलाल आला होता. हा देवरीचा व्यापारी, हिरडा-बेहडा-चारोळी घ्यायला गावोगाव फिरणारा. त्याने दारात उभ्या उभ्या "जितकं मायनस तितकं चांगलं" इथपर्यंत ऐकलं आणि लग्नापर्यंत न थांबता निघून गेला. चार दिवसांनी देवरीच्या बस स्टँडसमोर, त्याच्या दुकानावर, दहा फुटी फ्लेक्स लागला: 'कंप्युटर से पास! बिसरामजी की जडी. गाठ का पक्का इलाज.' खाली काकांचा फोटो, पुतण्याच्या लग्नातल्या कोटात. फोटोत मिशी काळीभोर होती. प्रत्यक्षातली पांढरी मिशी आठवड्याभरात फोटोच्या बरोबरीला आली.

काकांनी फ्लेक्सबद्दल चुन्नीलालकडे तक्रार केली, नाही असं नाही. फोटोत एक कान कापला गेला आहे, एवढीच.

नीतू नागपूरहून फोनवर ओरडायची, "आबाजी, ते काढायला सांगा! लोकं फसतील!" काका म्हणायचे, "सांगतो नं, सांगतो." महिनाभर ते सांगत राहिले. तोवर ग्रामपंचायतीत त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. भाषणात काका म्हणाले, "मले का समजते त्यातलं," आणि टाळ्यांसाठी थांबले.

डिसेंबरात, धान मळून झाले तेव्हा, मी गावी होतो. नीतूही दोन दिवसांसाठी आली होती. दुपारी काकांची धाकटी बहीण शामकला हातात पिशवी घेऊन अंगणात उभी राहिली. तिला सडक अर्जुनीला दिली होती. साठीची बाई, काटक, तोंडाने फटकळ. छातीत गाठ तीन महिन्यांपासून होती. तिथल्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली होती: ताबडतोब नागपूर. मुलगा ओमेश तिला घेऊन हायवेवर नागपूरच्या बसची वाट पाहत होता. तो पाण्याची बाटली आणायला वळला, तेवढ्यात ही बाई ट्रकांमधून रस्ता ओलांडून पलीकडे गेली आणि उलट्या दिशेच्या देवरीच्या बसमध्ये बसली.

"दादा, माह्या नावानं नेवता दे," ती म्हणाली.

नीतूने कागद वाचले. तिचा चेहरा उतरला. "आजी, उद्याच्या उद्या नागपूरला जावं लागते. यात उशीर नाही चालत. जडीचं अजून काहीच पक्कं नाही."

"तूच तं पास केली व पोट्टे! बस स्टँडवर लिहून आहे."

"शामे," काका म्हणाले, "नुसते गुण जुळले आहेत. लग्न नाही—"

"माह्यं लग्नही तूच जुळवलं होतं. साऱ्या दुनियेले जडी, अन बहिणीलेच नागपूर? मी नाही जात. तिकडं गेलेली वापस नाही येत."

काका उठून बाहेर बांधावर आले. मी मागोमाग गेलो. 

"चाळीस वर्षं जडी दिली गा," ते म्हणाले. "कधी भेव नाही वाटलं. आज काऊन वाटून राहिलं?"

मी विचारलं, "काका, इतक्या लोकांना दिली. बरे किती झाले?"

"जे बरे झाले ते येऊन सांगत. नारळ आणत." ते जंगलाकडे पाहत राहिले. "जे नाही आले, तेही बरेच झाले असतील असं मी धरून चाललो."

संध्याकाळी नेवता दिला. शामकलाबाई सोबत आल्याशिवाय राहिल्या नाहीत. काकांनी तांदूळ ठेवले, बहिणीचं नाव घेतलं, आणि वाकलेलेच राहिले, इतका वेळ की बाई म्हणाल्या, "लगनपत्रिका वाचून राहिला का दादा?"

सकाळी धुकं होतं. काका थंड पाण्याने आंघोळ करून आले. शामकलाबाई बांधावर थांबल्या. झाडापाशी आम्ही दोघेच गेलो.

तांदूळ ठेवले होते तसेच होते. एक दाणा हललेला नव्हता. दवाने भिजून पिवळेधमक दिसत होते.

झाड आलं होतं.

काका बराच वेळ उभे होते. मग गुडघे टेकून बसले, आणि ज्या माणसाने पानासाठी माझ्या पाठीत धपाटा घातला होता, त्याने तळहाताने ते तांदूळ सगळीकडे विस्कटले. "माफ करजो बाई," ते झाडाला म्हणाले. मग मला, झाडापेक्षा पुष्कळ कमी प्रेमाने, "तू काही नाही पाहिलं."

बांधावर येऊन त्यांनी बहिणीला सांगितलं, "नाही म्हणते, शामे. मी नाही येत म्हणते."

शामकलाबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मला वाटलं, आता रडतील किंवा भांडतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. पदर डोक्यावर सारखा केला आणि म्हणाल्या, "मंग चल. बस कधीची आहे?"

त्याच दिवशी निघालो. देवरीला बसला अर्धा तास होता. काका चुन्नीलालच्या दुकानासमोर गेले, स्टुलावर चढले आणि फ्लेक्सच्या दोऱ्या कापू लागले. चुन्नीलाल धावत आला. "अरे बिसरामजी, ये क्या कर रहे हो? सीझन है!" काका वरूनच म्हणाले, "कान कापलेला फोटो आहे, मले नाही पसंत." आणि स्वतःलाच गुंडाळून काखेत मारून बसमध्ये येऊन बसले.

नागपूरला तपासणी झाली, ती गाठ कॅन्सरचीच निघाली. अजून पसरली नव्हती. ऑपरेशन झालं, मग आठ महिने येणं-जाणं. बाईंचे केस गेले, ते पुन्हा आले, आधीपेक्षा कुरळे. त्यांचा फटकळपणा कुठेच गेला नाही. वॉर्डातल्या सिस्टर अजून त्यांची आठवण काढतात म्हणे.

काकांनी मात्र त्यानंतर कोणालाही जडी दिली नाही. गाठ घेऊन कोणी आलं की चहा पाजायचे, डॉक्टरांचे कागद मागायचे आणि नसले तर स्वतः बसपर्यंत सोडून यायचे, वाटभर रागावत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "ज्याच्या नावानं खोटं बोललो, त्याले कोणत्या तोंडानं बोलावू गा?" जंगलात जायचे, पण त्या झाडाच्या वाटेने नाही. मिशी पुन्हा पांढरी झाली. नीतू आता नागपूरच्या प्रयोगशाळेत खऱ्या पेशींवर तीच रसायनं तपासते आहे. पहिल्या फेरीत त्या मायनस नऊ पॉइंट चारवाल्याने काही फारसं केलं नाही, दुसऱ्याच एकाने थोडी हालचाल दाखवली, असं ती म्हणते. काकांना हे सांगायला ती येणार होती. पण ती यायच्या आधी, गेल्या उन्हाळ्यात, काका झोपेतच गेले.

परवा त्यांच्या घरी गेलो तेव्हा शामकलाबाई ओसरीवर लाखोळीची डाळ पाखडत बसल्या होत्या. भावाची आठवण निघाली. मला राहवलं नाही. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं सांगून टाकलं, की झाड नाही म्हणालं नव्हतं.

त्यांनी सुपावरून नजरही उचलली नाही. "मले माहीत आहे."

"कोणी सांगितलं?"

"सकाळी तो आंग धुऊन गेला होता. वापस आला तं पंजा हळदीनं पिवळा. मले दिसत नाही का?" सूप दोनदा आपटलं. "जो माणूस पोलीस पाटलाले भेला नाही, झाडाचं खोटं कधी बोलला नाही, तो माह्यासाठी बोलून राहिला. तवा समजलं, गाठ साधी नाही. म्हणून गेली मी नागपूरले."

"अहो, मग त्यांना सांगायचं ना! शेवटपर्यंत मनाला लावून घेतलं त्यांनी."

शामकलाबाईंनी एक खडा वेचून अंगणात फेकला.

"सांगितलं असतं तं त्याले बरं वाटलं असतं," त्या म्हणाल्या. "अन बरं वाटलं असतं तं पुन्हा जडी वाटत सुटला असता. माह्या भावाले मी नाही ओळखत का?"

 डाळ स्वच्छ झाली होती, तरी त्या पाखडत राहिल्या.