सुशीलाअक्कांची दुरुस्ती

आमच्या निसर्ग मंडळाच्या सभेत कुणी एखादा पक्षी दिसल्याचं सांगितलं, की सुशीलाअक्का चष्मा कपाळावर सरकवून विचारायच्या, "हाई तुम्ही सोता देखं का?" स्वतः पाहिलं का, एवढंच. समोर प्राध्यापक असो की पहिल्यांदा आलेला सभासद, सूर तोच. माणूस अडखळला, की अक्का पेनाला टोपण लावायच्या आणि मंडळाच्या वहीत ती नोंद होत नसे.

चोपड्यातल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही दहा-बारा जण जमतो. तीन शिक्षक, एक औषधविक्रेता, बाकी केळी-कापसाचे शेतकरी. अक्का निवृत्त आरोग्यसेविका. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर लसींचा डबा खांद्याला अडकवून त्यांनी सगळी नोकरी पायी काढली. पाखरांची ओळख त्या वाटांवरच झाली. "बाळंतिणीच्या घरी पोचेपर्यंत बोलायला दुसरं होतं कोण?" असं म्हणायच्या. दुर्बीण मात्र निवृत्त झाल्यावर घेतली, आणि ती घेऊन त्या बाजारातही जायच्या.

अशा या अक्कांनी एका सभेत सांगितलं, की गावाबाहेरच्या आमराईत त्यांना रानपिंगळा दिसला. हे छोटं घुबड कित्येक वर्षं नाहीसंच झालं असं अभ्यासक मानत होते, आणि पुढे ते सातपुड्यातच पुन्हा सापडलं. अक्कांना उलट प्रश्न विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. आम्ही त्यांना शाल आणि नारळ दिला. त्याच सुमारास रस्ता रुंद करण्यासाठी आमराईतल्या अकरा झाडांवर लाल खुणा झाल्या. आमचे अध्यक्ष पाटील सर यांनी रानपिंगळ्याचं कारण देऊन तहसील कचेरीत अर्ज केला आणि काम थांबलं. सर आनंदानं सगळ्यांना तो अर्ज वाचून दाखवायचे.

हिवाळ्यात आमचं स्नेहसंमेलन एका सभासदाच्या मळ्यात असतं. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, केळीच्या पानांवर पंगत. त्या वर्षी जेवणं उरकल्यावर अक्का उभ्या राहिल्या.

"मी सात दिवस सकाळी आमराईत जाऊन बसले," त्या म्हणाल्या. "त्या पाखराच्या डोक्यावर पांढरे ठिपके आहेत. तो साधा पिंगळा आहे. पहिल्या दिवशी डोळ्यावर ऊन होतं, आणि मला रानपिंगळा हवा होता, म्हणून तो दिसला. मन्ही चूक व्हयनी, माझीच चूक."

पाटील सरांनी त्यांना विहिरीकडे नेलं. हात धुवायला मी तिथेच होतो.

"अक्का, आत्ता नको," सर हळू आवाजात म्हणाले. "झाडं वाचू द्या. मग दुरुस्त करू."

"उद्या कुणी जाणकार आला आणि त्यानं ठिपके पाहिले, तर आपल्या बाकीच्या वहीवर कोण विश्वास ठेवील, सर?"

"आणि झाडं?"

अक्का म्हणाल्या, "झाडं तर खरीच शेतस ना? खरी आहेत तीच दाखवू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः त्याच कचेरीत जाऊन तो रानपिंगळा नव्हता असं पत्र दिलं. मग महिनाभर त्या आमराईत राबल्या. प्रत्येक झाडाचा घेर मोजला, ढोल्या आणि घरटी लिहून काढली, कुठलं झाड कुणाच्या आजोबांनी लावलं ते गावातल्या म्हाताऱ्यांकडून विचारून घेतलं. ग्रामसभेत उभं राहून सगळं वाचलं. शेवटी रस्ता थोडा पलीकडे सरकला. सात झाडं राहिली, चार गेली.

ती चार तोडली, त्या दिवशी अक्का शेवटचं खोड गाडीत चढेपर्यंत उभ्या होत्या. परत येताना मी विचारलं, "वाईट वाटतं का, अक्का?"

"वाटतं," त्या म्हणाल्या. "झाडांचं वाटतं. पत्राचं नाही."

गेल्या वर्षी अल्पशा आजारानं अक्का गेल्या. शोकसभा त्याच प्रयोगशाळेत झाली. पाटील सर बोलायला उभे राहिले आणि त्यांनी आम्हाला ठाऊक नसलेली गोष्ट सांगितली.

"ती झाडं गेल्यावर मी अक्कांशी बोलणं टाकलं होतं. सभेलाही येत नव्हतो, हे तुम्ही पाहिलंच. पण प्रत्येक सभेनंतर त्या वही घेऊन माझ्या घरी यायच्या. अध्यक्षांची सही हवी म्हणायच्या. मी दारातच सही करायचो, आत बोलवत नव्हतो. त्या 'बरं येते' म्हणून जायच्या. तिसऱ्या महिन्यात माझ्यानं राहवेना. म्हटलं, अक्का, आत या, चहा घ्या."

"मग काय म्हणाल्या?" मागून कुणीतरी विचारलं.

सरांनी चष्मा काढून पुसला. "म्हणाल्या, साखर कमी घाला."