उष्टं पाणी

दारव्ह्याच्या बाजारात आमचं पथनाट्य सुरू झालं की मी पोत्यावर आजारी बाई होऊन पडायची. एड्सबद्दल लोकांना शहाणं करायचं नाटक होतं ते. एक शाळामास्तर त्यात माझा भाऊ व्हायचा. मी अर्धा गिलास पाणी प्यायची, तो माझ्या हातून गिलास घेऊन उरलेलं गटागटा पिऊन टाकायचा. मग लोकांकडे वळून ओरडायचा, "पाह्यलं? सोबत खाल्ल्यानं, उष्टं पेल्यानं हा रोग होत नाही!" टाळ्या पडायच्या. बाया म्हणायच्या, "बाप्पा, कशी हुबेहूब आजारी दिसते वं हे!"

दिसणार नाही तर काय! रोग खराच होता माझा. नाटकातल्या मंडळींना ठाऊक होतं, बाजाराला नव्हतं. नवरा त्यातच गेला आणि महिना व्हायच्या आत सासरच्यांनी मला बोरी अरबजवळच्या माहेरी आणून सोडलं. तिथं माय होती, आणि माझा खरा भाऊ, पाठचा.

वाईट नव्हता हो तो. यवतमाळच्या दवाखान्यात तोच न्यायचा, रांगेत माझ्यासाठी उभा राहायचा. पण माझं ताट आणि गिलास ओसरीतल्या कोनाड्यात, घरातल्या भांड्यांपासून दूर. माय म्हणायची, "तुले काही म्हणून नाही वं, घरात तुह्या भावाची लेकरं आहेत." असा संताप यायचा की ते ताट विहिरीत भिरकावून द्यावं. पण मग जेवायचं कशात?

लहानपणी कापूस वेचताना हाच भाऊ मी दातानं फोडलेली बोरं माझ्या हातून हिसकून खायचा. आंबट निघालं की माझ्याच अंगावर थुंकायचा, मेला.

खरं सांगते, मी नाटकात जायची ती त्या मास्तरच्या घोटासाठी. जनजागृती मागाहून. जगात एक माणूस माझं उष्टं प्यायचा, तेही बाजाराच्या दिवशी, तेही नाटकात. परतताना भाड्याच्या जीपमध्ये बाजाराच्या बाया मांडीला मांडी लावून बसायच्या, गप्पा मारायच्या. त्यांना माहीत नव्हतं म्हणून. मी खिडकीतून कापसाच्या पऱ्हाट्या पाहत बसायची आणि मला फार एकटं वाटायचं.

त्या साली कापसाला भाव नव्हता आणि दारव्ह्याच्या खरेदी केंद्रावरची गाड्यांची रांग हलता हलत नव्हती. भाऊ आपली बैलगाडी घेऊन तिथंच अडकला होता. त्यानं आमचं नाटक कधी पाहिलं नव्हतं. बाजाराच्या दिवशी करमेना म्हणून तो गर्दीत येऊन उभा राहिला. पोत्यावर पडल्यापडल्या मला दिसला. मास्तरनं गिलास रिकामा केला आणि माझ्या भावानं टाळ्या वाजवल्या. दुपट्ट्यानं डोळेही पुसले, सगळ्यांदेखत. मी मनात म्हटलं, झालं बाई तुझं काम, आता हा घरीही तुझ्या हातचं पाणी पिईल.

दुसऱ्या दिवशी गाडी रिकामी करून तो उन्हातून घरी आला, ओसरीत टेकला. मी कोनाड्यातला गिलास घासला, माठातून भरला, नाटकातल्यासारखा एक घोट घेतला आणि त्याच्यापुढे धरला. माय चुलीजवळून पाहत होती.

तो गिलासाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "बाई, काल लयच चांगलं केलं वं तू. मले रडू आलं."

"मंग पे ना," मी म्हटलं.

त्यानं आवाज खाली आणला. "एक विचारू? तो मास्तर खरंच पेते का, का नुसतं तोंडाले लावते?"

"पेते. सगळं पेते."

"हिंमत आहे बाप्पा त्याची," तो म्हणाला. उठला, माठाजवळ गेला आणि आपल्या गिलासानं पाणी प्याला.

माझ्या हातातलं उरलेलं मीच पिऊन टाकलं. तहान नव्हती तरी.