तळघरातली थोरली

माझा मामा भर उन्हाळ्यात स्वेटर घालून कामाला जायचा. रस्त्यावरची माणसं हसायची. त्याला सगळे 'गारठ्या' म्हणायचे आणि त्यालाही ते नाव चालायचं. एका जुन्या हॉटेलच्या तळघरात वाईनच्या बाटल्या सांभाळायचं त्याचं काम. तिथं वरचा उन्हाळा पोचत नाही, आणि पोचू द्यायचा नाही हीच त्याची नोकरी.

बाटली आडवी ठेवायची, म्हणजे आतलं बूच ओलं राहतं. हवा दमट हवी, म्हणजे तेच बूच बाहेरून सुकत नाही. पण त्या दमटपणानं बाटल्यांवरचे कागद कुजून गळून पडायचे. मामाला त्याचं काही वाटत नसे. प्रत्येक बाटलीच्या वरच्या अंगाला तो चुन्याचा एक ठिपका लावायचा, म्हणजे हलवली तरी परत त्याच कुशीवर झोपवता येते. बाकी कुठली बाटली कुठली, ते कोनाड्यावरून ओळखायचं. तळघराचं दार कुणी आपटलं की तो म्हणायचा, "आत माणसं झोपलीत समजा."

वाईन चाखायची वेळ आली की एक घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा आणि बादलीत थुंकायचा. मामी त्याच हॉटेलात ग्लास धुवायची. ती म्हणायची, "जन्मभर थुंकायचा पगार घेतला या माणसानं."

दोघांचं भांडण एकच, पण मुरलेलं. मागं कधीतरी तळघरात नळ फुटला. मामाचा पाय तेव्हा प्लास्टरमध्ये. मामीनं एकटीनं सगळ्या बाटल्या वर आणल्या आणि पाणी उपसल्यावर परत खाली लावल्या. मामानं तिचे आभार मानले, पण शंका काही सोडली नाही. कुठली बाटली सापडायला जरा वेळ लागला, की तो म्हणायचा, "नळ फुटला तेव्हापासून असंच आहे." मामी तेव्हा ग्लास जरा जोरात ठेवायची.

जुने मालक गेले आणि लेक मालकीण झाली. बाई कष्टाळू, हिशोबी, वाईट म्हणावं असं काही नाही. वर टेबलं मावेनात, म्हणून तळघर मोकळं करून तिथं टेबलं मांडायची असं तिच्या मनात होतं.

"काका, लाल बाटल्या दुसरीकडं ठेवू," ती मामाला म्हणाली. "पण बाबांनी आणलेली ती फ्रान्सची, बर्गंडीची पांढरी? पांढरी वाईन एवढी टिकत नाही म्हणतात. मेलेल्या बाटल्यांसाठी खोली कशाला अडवायची?"

"मेलीय की जिती, ते उघडून बघू," मामा म्हणाला. "मेली असली तर किल्ली मी स्वतः तुमच्या हातात देतो."

झालं. आता त्या एका बाटलीवर तळघर, आणि तळघरावर मामा.

दुपारची गर्दी ओसरल्यावर हे ठरलं. मी स्वयंपाकघरातला बिघडलेला पंखा काढायला शिडीवर चढलो होतो, म्हणून मला सगळं वरून दिसलं. मालकीण टेबलाशी, आचारी तिच्या शेजारी, मामी नळाशी पाठ करून. मामा बाटली घेऊन आला तो काठोकाठ भरलेलं दुधाचं भांडं आणावं तसा, पाऊल जपून.

बूच म्हातारं झालेलं. अर्ध्यावर येऊन त्याचा चुरा झाला. मामानं तुकडे एकेक करून काढले, बशीत ठेवले आणि वाईन गाळून तीन ग्लासांत ओतली.

एवढ्या वयाची पांढरी वाईन जुन्या पितळेसारखी पिवळी व्हायला हवी. ही मात्र फिकी, कडेला हिरवट झाक असलेली. मालकिणीनं घोट घेतला आणि तिच्या भुवया वर गेल्या.

"काका, ही तर ताजी आहे."

"मागच्या साली बाटलीत भरली म्हटलं तरी पटेल," आचारी म्हणाला. "लिंबाच्या सालीचा वास येतोय."

इथं मामानं गप्प बसायला हवं होतं. दुसरा कुणीही बसला असता. मामानं ग्लास उजेडात धरला, हुंगला आणि खाली ठेवला. चेहरा पडलेला.

"ही ती नव्हे," तो म्हणाला. "इतकी तरणी राहायची नाही. मी चुकीची बाटली आणलीय. कोनाडे इकडचे तिकडं झालेत."

मामीनं नळ बंद केला.

"घ्या की माझं नाव. कोनाड्यांच्या आड कशाला लपता?"

"मी नाव घेतलं का?"

"नळ फुटल्यापासून दुसरं काय घेताय? जिथली तिथंच ठेवलीय मी. वरची वर, खालची खाली."

"अंधार होता खाली."

"तुमचा पाय मोडला होता, माझे डोळे नव्हते."

आचारी हसला आणि मामानं बघितल्यावर खोकला. मालकीण हळूच म्हणाली, "काका, बोलला नसतात तर मला कळलंही नसतं."

"पुढची बाटली गिऱ्हाइकासमोर उघडली असती, तेव्हा काय सांगायचं होतं?" मामानं कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली. "कुठं काय आहे तेच मला माहीत नसेल, तर मी राखणदार कशाचा? बघून येतो." आणि तो खाली गेला.

आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते मी तेव्हा शिडीवरून बघितलं.

ग्लास तसेच राहिले. वाईन तळघरातून आली तेव्हा गार होती, ती स्वयंपाकघराच्या उबेत हळूहळू सैल होत होती. आचाऱ्याला भरला ग्लास बघवत नाही. त्यानं परत तोंडाला लावला आणि थांबला.

"बाई, परत घेऊन बघा. बदललीय."

मालकिणीनं एक घोट घेतला, लगेच दुसरा घेतला. मग ग्लास मला वर दिला. "तुम्ही सांगा. मामाही तुमचा, मामीही तुमचीच."

मला वाईनमधलं ओ का ठो कळत नाही. आधी हिरवं सफरचंद चावल्यासारखं झालं. मग कुणीतरी शेजारच्या खोलीत लोणी तांबूस होईतो तापवतंय, बदाम भाजतंय, असं वाटायला लागलं. गिळून झाली तरी संपेना. मी तसं सांगितलं.

"हे भाजलेलं नव्या वाईनमध्ये येत नाही, निदान असं नाही," आचारी म्हणाला. "त्याला पडून राहावं लागतं."

मामा वर आला. गुडघ्यांना चुना लागलेला. "सगळं जागच्या जागी दिसतंय. तरी मी छातीठोक सांगणार नाही."

"आधी प्या," मालकीण म्हणाली.

मामानं घोट घेतला. या गालातून त्या गालात फिरवला. बादली पायाशीच होती, तिकडं त्यानं बघितलं. मग डोळे मिटले आणि घोट खाली गेला.

"गिळली," मामी मला म्हणाली. लग्नापासून पहिल्यांदा बघत असल्यासारखी.

मग ती टेबलाशी आली. हातात बशी. मामा खाली गेला होता तेवढ्यात तिनं बुचाचे तुकडे ओल्या फडक्यावर फुटक्या कपासारखे जुळवले होते. बुचाच्या अंगावर डागलेला सालाचा आकडा एका कडेला तुटका, पण वाचता येत होता.

"चष्मा लावा," ती मामाला म्हणाली, "आणि मोठ्यानं वाचा."

मामानं वाचलं. मालकिणीनं बोटांवर वर्षं मोजली आणि ती हसायला लागली.

"माझ्या जन्माच्या आधीची. म्हणजे माझी थोरली बहीण झाली ही."

"आणि दिसतेय धाकटी," आचारी म्हणाला. मालकिणीनं त्याच्याकडं बघितलं, पण हसू तसंच होतं. मग तिनं किल्ली बोटानं ढकलत मामाच्या पुढ्यात नेली.

"टेबलं गच्चीवर मांडू. थोरलीला कोण घराबाहेर काढतं?"

मामानं किल्ली कमरेला लावली. मग नळाकडं न बघता म्हणाला, "कोनाडा बरोबर होता."

"कोनाडा बरोबर होता, का मी?"

मामानं एक ग्लास घेतला. धुतलेला असूनही तो पुन्हा पुसला, बाटलीत राहिलेली वाईन गाळ न ढवळता त्यात ओतली आणि तिच्यापुढं धरला. मामीनं ओले हात पदराला पुसले आणि उभ्यानंच चव घेतली.

"आंबट आहे जरा," ती म्हणाली.

पण ग्लास रिकामा झाल्यावरच तिनं तो नळाखाली धरला.