सलोमीनं पकडलेला कोयता

आमच्या पलूसच्या ख्रिस्ती मंडळीत सलोमी लोंढेइतकी मारकुटी आई दुसरी नाही. पोराच्या कानाखाली द्यायची आणि त्याच दमात प्रार्थनाही करायची. "प्रभू, ह्याला अक्कल दे," म्हणताना डोळे मिटलेले, पण मूठ पोराच्या मानगुटीवर. नवरा जयराज लष्करात ड्रायव्हर, वर्षातनं दोनदा घरी. ही द्राक्षबागेत विरळणीच्या कामाला जायची आणि सतरा वर्षांचा दानियेल अन् पंधराची अंकिता, दोघांना एकटी सांभाळायची. मी तिची शेजारीण. मला तिचं हे मारणं मुळीच पटायचं नाही, पण सांगणार कोण?

गेल्या हिवाळ्यात शाळेतनं येताना पप्पूनं अंकिताचा हात धरला. पप्पू एकोणीस वर्षांचा. दोन साथीदार घेऊन बाजारपेठेत गाडी उडवत फिरणारा. दानियेल एकटाच त्याला जाब विचारायला गेला. तिघांनी त्याला स्टँडमागं पाडून पट्ट्याच्या बकलानं फोडला. दोन दात गेले, पाठीवर एक जागा शाबूत राहिली नाही. त्या मारहाणीचा व्हिडिओ गावभर फिरला. पोलिसांत गेलो तर माझं नाव खराब होईल, म्हणून अंकितानं आईचे पाय धरले. सलोमी गेली नाही.

पुढच्या सोमवारी दानियेलच्या गादीखाली तिला कोयता सापडला, नुकती धार लावलेला. तिनं पोराला पाण्याच्या पाइपनं हात दुखेपर्यंत झोडपलं. तो हलला नाही.

"मार, आई. पन रविवारच्या आत पप्पूला जिता ठेवत न्हाई मी."

तिनं कोयता न्हाणीमागच्या सरपणात खुपसला आणि तिथंच बसून रडली. नवऱ्याला कळवावं तर तोही डोक्यानं तापट, रजा टाकून आला असता तो मारामारीलाच.

मग आमची माणसं करतात तेच तिनं केलं. मंगळवारी महिला मंडळाची उपास-प्रार्थना असते. तिथं प्रत्येकीनं उभं राहून आपली विनंती मोकळेपणानं मांडायची, काही झाकून ठेवायचं नाही. सलोमीनं सगळं मांडलं. कोयता, पप्पूचं नाव, रविवार, सगळं. आम्ही पंधरा-वीस बायका तिच्या डोक्यावर हात ठेवून मोठमोठ्यानं रडलो. "हितलं हितंच ऱ्हाऊ द्या गं," ती म्हणाली. आम्ही आमेन म्हटलं.

घरी येऊन मी नवऱ्याला जेवण वाढता वाढता सगळं सांगितलं. त्यानं ते सलूनमध्ये सांगितलं. तोंड माझंच फुटलं, त्याला मुलामा लावण्यात अर्थ नाही.

बुधवारी दुपारी चारला पप्पू साथीदारांसह दारात हजर. हातात लोखंडी गज. आधी खिडकी फोडली, मग अंगणातली दानियेलची मोटरसायकल आडवी केली. सलोमी पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि दारात आडवी उभी राहिली. पहिला गज तिच्या डाव्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला कुंपणापलीकडं आला. माझे पाय जागचे हलले नाहीत.

दानियेल मागच्या दारानं न्हाणीकडं धावला आणि सरपणात आधीच हेरून ठेवलेला कोयता घेऊन आला. त्याला बघताच दोघं पळाले. पप्पू मात्र आडव्या पडलेल्या गाडीत अडकून कोसळला. दानियेल त्याच्या छातीवर बसला. पहिल्या घावात पप्पूचा अर्धा कान लोंबला. दुसऱ्या घावाला त्यानं कोयता गळ्यावर नेमून उचलला, आणि सलोमीनं मागून उजव्या हातानं पातंच धरलं.

पोरानं हिसडा दिला. तिची दोन बोटं तुटून पप्पूच्या छातीवर पडली. तरी तिनं मूठ सोडली नाही.

"आधी मला काप, दान्या! मग त्याला!"

त्याचा हात सैल पडला. कोयता फेकून देऊन सलोमीनं त्याच रक्ताळलेल्या हातानं त्याच्या थोबाडीत अशी दिली की तो मातीत लोळला. पप्पू कान धरून लेकरासारखा "आई गं" करत होता. मग मी कुंपण ओलांडलं.

सांगलीच्या दवाखान्यात बोटं काही जोडली गेली नाहीत. दुसऱ्या दिवशी जबाब घ्यायला हवालदार आला. माणूस दयाळू होता. त्यानं आवाज खाली आणला.

"ताई, बोटं पप्पूनंच तोडली, असं लिवू का? घरात घुसून मारलंय त्यानं. तुमचं पोरगं सुटंल."

प्रार्थना करायला आलेले आमच्या मंडळीचे पाळकसाहेब जमिनीकडं बघत राहिले. मी तिचा दंड दाबला, "व्हय म्हण गं."

सलोमी घामानं भिजली होती. "मला व्हय म्हणायचंय," ती मला म्हणाली. "लय म्हणायचंय." मग तिनं डोळे मिटून ओठातल्या ओठात प्रार्थना केली. शेवटी तिनं हवालदाराकडं मान वळवली.

"खांदा त्यानं मोडला. बोटं माझ्या लेकरानं तोडली."

दानियेल दारालाच उभा होता. पट्ट्यानं फोडला तेव्हा न रडलेलं पोरगं भिंतीला टेकून हंबरडा फोडून रडलं. अंकिता त्याला धरायला गेली, त्यानं तिला बाजूला केलं.

"लिवा साहेब. कान बी मीच कापला. आई नसती तर मुंडकं उडवलं आसतं."

त्याला पोलिसांच्या गाडीत घालून नेलं तेव्हा सलोमी खाटेवर उठून बसली. मला वाटलं, आता ही देवाला शिव्या घालणार. तिनं बांधलेला हात छातीशी धरला आणि सगळा वॉर्ड वळून बघेल एवढ्या मोठ्यानं ओरडली, "प्रभू, माझा दान्या खुनी झाला न्हाई!"