पारोळ्याला असताना घरात आलेला माझा आवाज

आधीच सांगतो, मी कॉलेजात केमिस्ट्रीचा लॅब असिस्टंट. भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की उठून जाणाऱ्यांपैकी. तरी लिहितोय, कारण दोन वर्षं झाली, हे कुणाशी धड बोलता आलेलं नाही.

आम्ही जळगावला पिंप्राळ्यात राहतो. तळमजला, दोन खोल्या, एकच दार. त्या उन्हाळ्यात कॉलनीच्या ग्रुपवर रोज चोऱ्यांचे व्हिडिओ यायचे... कुठले, कधीचे, कोणी विचारत नव्हतं. आमच्या गल्लीतून साधी सायकलही गेली नव्हती. पण मी प्रत्येक व्हिडिओ बायकोला, वैशालीला, दाखवायचो आणि बजावायचो, "कोणीही येवो, दार उघडायचं नाही."

एका मंगळवारी कामानिमित्त धुळ्याला निघालो. बस पन्नासेक किलोमीटरवरच्या पारोळ्याला थांबली, चहा घेत होतो, तेवढ्यात वैशालीचा फोन.

"कुठे आहात?"

"पारोळ्याला. का?"

ती म्हणाली, "खरं सांगा."

झालं होतं असं — दोन माणसं विजेचं मीटर तपासायला आली, गळ्यात ओळखपत्रं. शेजारच्या अक्का आमच्याकडे डाळ निवडत बसल्या होत्या, म्हणून वैशालीने धीर करून कडीला हात घातला. तेवढ्यात आतल्या खोलीतून माझा आवाज आला, "वैशू, उघडू नको." बाहेरची माणसं निघून गेली. दोघींनी पलंगाखाली, कपाटामागे पाहिलं. कोणी नव्हतं.

संध्याकाळी मी तिला बसचं तिकीट दाखवलं. तिने ते उलटसुलट पाहिलं. "तिकीट काय, कोणाकडूनही आणता येतं. माझी परीक्षा घेत होतात का?" अक्का खाली मान घालून म्हणाल्या, "आवाज तुनाच व्हता, भाऊ."

मला तर त्या दोघींचाच संशय आला. एखादी व्हॉइस नोट वाजली असेल, म्हणून दोघींचे फोन तपासले. काही नाही. मग ती माणसंच भामटी असतील म्हणून वीज कार्यालयात चौकशी केली. माणसं त्यांचीच होती.

पुढच्या आठवड्यात त्यांच्यातला एक परत आला. दार मी उघडलं. "या," एवढंच म्हणालो. तो माझ्याकडे बघत राहिला.

"साहेब, त्या दिवशी आतून 'उघडू नको' म्हणणारे तुम्हीच ना?"

वैशाली मागेच उभी होती. ती आत गेली.

चोर तर कोणी नव्हतंच... मग तो आवाज तिला कशापासून अडवत होता? आणि माझाच का? मला आजही सांगता येत नाही. वैशालीने विचारणं सोडलंय. पण मी बाहेरून "मी आलोय" म्हटलं, की ती लगेच दाराशी येत नाही. आधी आतल्या खोलीत डोकावते, मग कडी काढते.