मासळीचा वास

"बाहेर उभा राहा रे. मासळीचा वास मारतोय. धुऊन ये आधी."

मालवणातल्या डॉक्टरांनी खुर्चीतून न उठता सांगितलं. बाकावरचे मास्तर, दुकानदार हसले. आणि मी? मीही हसलो. मोठ्या माणसाने आपली टर उडवली की आपणही हसायचं, एवढं शिक्षण मला होतं.

पेनिसिलिनची सुई तेव्हा आमच्याकडे नुकतीच पोचली होती. आदल्या दिवशी तारकर्लीला किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढलं. जाळ्यातून मासळी सोडवताना शिंगाळा माशाचा काटा बोटांच्या बेचक्यात घुसला. सकाळी हात दुध्यासारखा सुजलेला. कातडीवर काळपट फोड. अंगात ताप.

धुऊन ये म्हणाले, तर हा शहाणा धुवायला गेला कुठे? समुद्रावर! खाऱ्या पाण्याने जखम बरी होते, असं आमच्या वाडीत सगळेच मानायचे. काट्याच्या जखमेत शिरून ज्या पाण्याने हात नासवला, त्याच पाण्यात तो घासला. मग लग्नातला सदरा घातला, डोक्याला खोबरेल चोपडलं. नवरदेव पुन्हा दवाखान्यात हजर.

"आता खोबरेलातली मासळी!" डॉक्टर म्हणाले. पुन्हा हशा. सगळ्यांच्या शेवटी मला आत घेतलं. फोड फुटले होते. डॉक्टर वाकले आणि त्यांचं हसू गेलं.

सकाळपासून येत होता तो वास मासळीचा नव्हताच. माझा हात कुजत होता.

मोठ्या इस्पितळात दोन बोटं कापली. नसलेली ती बोटं अजून ठणकतात. ठणकली की तो हशा ऐकू येतो. त्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा.

पुढे कालवं काढताना खडकावर बायकोचा पाय कापला. तसाच सुजला. तसेच फोड. ती उंबऱ्यात अडून बसली.

"अवो, न्हावन जावया. माका लाज वाटता."

"लाज कसली गो? चल."

तोच दवाखाना. तेच डॉक्टर.

"बाहेर..." एवढंच ते बोलले. मी तिला उचललं आणि चिखलाच्या पायासकट त्यांच्या टेबलावर बसवलं. माझा तीन बोटांचा पंजा त्यांच्या नाकाशी धरला.

"वास घेवा, डॉक्टरानु. मासळेचो आसा काय माणसाचो?"

कोणी हसलं नाही. सुई मिळाली. पाय राहिला.

आता वाडीत कोणाला काटा लागला की मीच घेऊन जातो. सदरा बदलत नाही. बाकावर मधोमध बसतो. कोणी हसलंच, तर त्याच्याकडे बघत राहतो. तो गप्प होईपर्यंत.