भाऊबीजेची रजा

माईकचं बटण दाबण्याआधी बाई त्यावर नखानं टकटक करायच्या, क्षणभर डोळे मिटायच्या आणि मगच बोलायच्या. "विंचूरमार्गे येवल्याला जाणारी गाडी थोड्याच वेळात फलाटाला लागत आहे." डोळे कशाला मिटता, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "प्रार्थना करते. आपण लागत आहे म्हणतो, मग ती लागायला नको का?"

तुम्ही नाशिकच्या आमच्या स्टँडवर कधी ताटकळत उभे राहिला असाल, तर हा आवाज तुमच्या कानावर पडलेला आहे. बाईंचा चेहरा मात्र बघितला नसेल. चौकशीच्या खिडकीला जाळी, जाळीवर धूळ, आणि तुमचं लक्ष घड्याळाकडे. लोक यायचे ते भांडायलाच यायचे. बाई सगळ्यांना एकच सांगायच्या, "येणार आहे दादा, थांबा." पुढचा माणूस आणखी पेटायचा. बाई शांतपणे पाण्याची बाटली जाळीखालून सरकवायच्या.

मी शेजारच्या टेबलावर. गाड्या सोडायच्या, ड्युट्या लावायच्या, प्रवासी आणि ड्रायव्हर दोघांकडून शिव्या खायच्या. मला थांबणं जमत नाही. चहा उकळेपर्यंत मी ओट्यापाशी चकरा मारतो, बायको म्हणते तुम्ही बाहेर जा, तुमच्याकडे बघून दूध नासेल. आणि असल्या माणसाला देवानं नोकरी दिली ती स्टँडवर!

बाईंची खरी ओळख मला ड्युट्या लावताना झाली. दिवाळीत स्टँडवर मुंगीला शिरायला जागा नसते, रजेचं नाव काढायचं नाही. तेव्हा बाई माझ्या टेबलाशी आल्या. म्हणाल्या, नाताळला पहाटेची उपासना झाली की मी ड्युटीवर येते, गुड फ्रायडेलाही येते, वर्षातला कुठलाही सण सांगा. फक्त भाऊबीज मला द्या.

मी बघतच राहिलो. बाई ख्रिस्ती. शरणपूरकडे राहायच्या, रविवारी न चुकता चर्चला जायच्या. मी आपला फटकळ, विचारून मोकळा झालो की तुम्हाला भाऊबीज कशाला?

"ख्रिस्ती झाले म्हणून भाऊ संपतो का, देवरे?"

रजा द्यावी लागली.

मग हळूहळू कळत गेलं. माहेर विंचूरजवळचं, शेतकऱ्याचं घर. वडील लवकर गेले. थोरल्या भावानं स्वतःची शाळा सोडली आणि हिला नाशिकला शिकायला ठेवलं. इथं बाईंना देव भेटला, असं त्या म्हणायच्या, आणि मिस्टरही भेटले. लग्नाचं भावानं कदाचित गिळलं असतं. पण बाईंनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला, कोणी सांगितलं नाही, कोणी ओढलं नाही, हे त्याला जास्त लागलं. त्यानं बहिणीच्या नावानं आंघोळ केली आणि दार लावलं.

त्यानंतर भाऊबीजेला बाई घरी थांबायच्या. भावाला गोड आवडत नाही, म्हणून बाजरीची भाकरी आणि पातीच्या कांद्याचा झुणका. पाट मांडायचा. दार सताड उघडं. एका भाऊबीजेला मी त्यांच्या घरी डोकावलो, तर मिस्टर दारात खुर्ची टाकून बसले होते. अबोल, सरळ माणूस, इलेक्ट्रिशियन. मला हळूच म्हणाले, "मेव्हणा येवो न येवो, संध्याकाळी झुणका मलाच संपवायचा असतो."

पण हे सगळं नुसत्या आशेवर नव्हतं बरं का. बाईंना वचन मिळालं होतं. त्यांच्या चर्चच्या मंडळीत वर्ष सरताना प्रार्थना होते आणि प्रत्येकाला नव्या वर्षासाठी शास्त्रातलं एक वचन मिळतं. भावानं दार लावलं त्या वर्षी त्यांना मिळालेलं वचन वाचताना त्यांच्या मनात लख्ख आलं की हे भावाबद्दल आहे, तो एक दिवस माझ्या दारात येणार. मी म्हटलं, देवानं खाली तारीख टाकली का? तर म्हणाल्या, "तारीख टाकायला ते काय आपलं ऑफिस आहे?"

आता तुम्हाला वाटेल, बाई म्हणजे शांतीची मूर्ती. मुळीच नाही. विंचूरकडून गाडी येण्याची वेळ झाली की त्यांची घालमेल सुरू. पदर सारखा करतील, खुर्चीतून अर्ध्या उठतील, जाळीला नाक लावतील. उतरणारा एकेक माणूस बघायचा. गाडी रिकामी झाली की खाली बसायचं. रोज. मला ते बघवायचं नाही. माझी आई असती तर देव पाण्यात ठेवून बसली असती, बाईंकडे तीही सोय नव्हती. एकदा मी वैतागून म्हटलं, तुमचा एवढा विश्वास आहे तर स्वस्थ बसा की. त्या उसळल्या. "विश्वास म्हणजे स्वस्थ बसणं, असं कोणी सांगितलं तुम्हाला? मी रोज भांडते देवाशी."

शेवटी मलाच राहवेना. सुट्टीच्या दिवशी उठलो आणि बाईंना न सांगता विंचूर गाठलं. भाऊ कांद्याच्या चाळीत खाली बसून सडके कांदे वेचून बाजूला टाकत होता. उंच, वाळका, कपाळ थेट बाईंचं. मी कोण ते सांगितलं. त्यानं हात थांबवला नाही.

"तिनं पाठवलं?"

मी म्हटलं, त्यांना माहीतसुद्धा नाही.

"मग आल्या वाटेनं जा. मला बहीण नाय."

मी बोललो, बरंच बोललो. तो कांदे वेचत राहिला. मी घाम पुसत चाळीच्या तोंडाशी आलो, तेव्हा मागून आवाज आला.

"घसा बसलाय का तिचा?"

मी वळलो. तो कांद्याकडेच बघत होता. "मागल्या खेपेला आलो तवा आवाज बसल्यावानी वाटला. औषध घे म्हणा. माझं नाव नका सांगू."

म्हणजे हा माणूस नाशिकला यायचा. फलाटावर उभा राहून तिचा आवाज ऐकायचा, तिनंच पुकारलेल्या गाडीत बसायचा आणि घरी जायचा. कधीपासून, देव जाणे. येवल्याची गाडी लागायची तो फलाट खिडकीतून दिसत नाही. उतरणाऱ्यांना बाई बघायच्या, चढणारे त्यांना दिसायचे नाहीत. आणि हा आधीच्या थांब्यालाच उतरून मेळा स्टँडच्या बाजूनं, मागच्या फाटकातून आत यायचा.

माझ्या पोटात गोष्ट राहत नाही. दुसऱ्या दिवशी सांगून टाकली, नावासकट.  बाईंनी ड्रॉवरमधून ज्येष्ठमधाची काडी काढून तोंडात धरली. मी म्हटलं, अहो, आता माईकवरून हाक मारा, नाव घेऊन मारा, बघू कसा निघून जातो ते.

"नाही. ओढून आणला तर तो माझ्यामुळे येईल. मला देवानं सांगितलंय, तो आपणहून येईल."

"आणि देव विसरला तर?"

"तर मी आठवण करून देतेच आहे की रोज."

तेव्हापासून येवल्याची गाडी पुकारताना बाई घाई करायच्या नाहीत. शब्द सुटे सुटे, स्वच्छ. बाकीच्या गाड्या उरकायच्या. चांदवडच्या एका प्रवाशानं तक्रारही केली की आमच्या गाडीला मॅडम असं गोड का बोलत नाहीत. मी हसलो, पण मला त्या बाईचा आणि तिच्या देवाचा दोघांचाही राग यायचा. तिकडे तो ऐकतोय, इकडे ही पुकारतेय, मध्ये पन्नास पावलांचं अंतर, आणि वरचा म्हणे वेळ बघतोय.

बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी कुणी आलं नाही, यंत्र आलं. रेकॉर्ड केलेला आवाज, कुठल्या मुलीचा कोण जाणे, विंचूरचा उच्चारही नीट करत नाही. थोड्याच दिवसांत बाईंचं पोटाचं दुखणं निघालं आणि ते फार पुढे गेलेलं होतं.

मी भेटायला गेलो की बाई गादीवर उशीला टेकून दाराकडे तोंड करून बसलेल्या असायच्या. एका दुपारी मिस्टर औषध आणायला गेले होते. बाई म्हणाल्या, "देवरे, मी चुकीचं तर ऐकलं नसेल ना?"

 असला प्रश्न मला विचारायचा? मी देवळात गेलो तरी चप्पल कोण नेईल याच काळजीत असतो. मी म्हटलं, येईल हो, येणारच.

"तुम्ही नका म्हणू. तुम्हाला खोटं बोलता येत नाही." थोडं थांबून म्हणाल्या, "मला देवावर भरवसा आहे. पण फार वेळ लावतो तो." आणि रडल्या. मी त्यांना तेवढंच एकदा रडताना बघितलं.

त्याच आठवड्यात एक उंच माणूस खिडकीशी आला. "इथली बाई कुठं गेली? आवाज दुसराच येतोय." मी जाळीतून बघितलं आणि उठून बाहेरच गेलो. सगळं सांगितलं. पत्ता सांगितला, त्याचा फोन नंबर घेतला, रिक्षा थांबवली. तो रिक्षाकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "बघू. काढणी चालू हाय." आणि विंचूरच्या गाडीत जाऊन बसला. मी तोंडाचा पट्टा सोडला. गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभा राहून त्याला वाट्टेल ते बोललो. तो मान खाली घालून बसला होता.

बाई शुक्रवारी सकाळी गेल्या.

भावाला फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, तेच. मग येवल्याच्या पहिल्या गाडीच्या कंडक्टरला सांगितलं, विंचूरला उतर, गाडी दोन मिनिटं उभी राहिली तर मी बघून घेतो, कुणाला तरी त्याच्या मळ्यात पिटाळ.

दुपारी घर माणसांनी भरलं. शवपेटी बाहेरच्या खोलीत. पांढरी साडी, हातात फुलं. गाणी झाली, प्रार्थना झाली. चर्चचे पाळकसाहेब मिस्टरांकडे बघू लागले, दफनाची वेळ दिलेली होती. तेवढ्यात माझा फोन वाजला. परतीच्या गाडीचा कंडक्टर. म्हणाला, "साहेब, तुमचं माणूस बसलंय गाडीत. नाशकात शिरलोय, पण द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलोय, गाडी इंच सरकंना."

मी गर्दीतून वाट काढत पाळकसाहेबांपुढे गेलो आणि हात जोडले. म्हटलं, थांबा. थोडं थांबा, तो येतोय. आयुष्यात मी कुणाला थांबा म्हटलं ते तेवढंच. त्यांनी मिस्टरांना विचारलं. मिस्टर म्हणाले, "थांबू."

आम्ही थांबलो. एक बाई हळू आवाजात गात राहिली. मी आत-बाहेर करत होतो आणि मनातल्या मनात बाईंच्या देवाला फैलावर घेत होतो. आता आणतोस? ती डोळे उघडे ठेवून दाराकडे बघत होती तेव्हा काय झोपला होतास? वचन पाळलंस म्हणून मिरवशील, पण तिला कुठे दिसलं? मला अजून याचं उत्तर मिळालेलं नाही. पाळकसाहेब पुढे म्हणाले, तिला कळलं असेल. असेल. मला माहीत नाही.

तो आला. द्वारकेपासून गाडी सोडून पायी आला होता, शर्ट घामानं चिकटलेला. दारात चपला काढल्या. काखेत पिशवी, पिशवीत हिरवी साडी. आमच्याकडे बाई गेली की माहेरची साडी आल्याशिवाय तिला उचलत नाहीत. त्यानं पाळकसाहेबांना विचारलं, "तुमच्यात चालतं का?" ते म्हणाले, चालतं.

तो पेटीजवळ गेला. बहिणीकडे बघितलं. मग साडीची घडी मोडली. एवढी लांब साडी एकट्याला पसरता येईना. त्यानं वर बघितलं. समोर मिस्टर उभे होते.

"दाजी," तो म्हणाला, "तिकडून धरा."

मिस्टरांना इतक्या वर्षांत कोणी दाजी म्हटलं नव्हतं. त्यांनी पदर हातात घेतला, तो सुटला. पुन्हा घेतला, पुन्हा सुटला.  मी धरायला पुढे झालो, तर भावानं मला अडवलं. "राहू द्या. त्यांनाच धरू द्या. मला घाई नाय."

मी मागे सरलो आणि उभा राहिलो.